कुणाच्या तरी घरच्यांनी हो म्हटलं

औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला उभ्या असलेल्या बाईला लघवीला जायचं असलं, तर मास्क, हातमोजे, केसांवरची टोपी, गुडघ्यापर्यंतचा पांढरा झगा, पायांवरची आवरणं हे सगळं उतरवून ठेवावं लागतं. वहीत वेळ लिहायची, जाऊन यायचं, हात धुवायचे आणि पुन्हा सगळं चढवायचं. तेवढ्या वेळात गोळ्यांची पाकिटं पुढे सरकतच राहतात आणि शेजारणीला दोघींचं काम ओढावं लागतं. म्हणून आम्ही बायका पाणीच पीत नसू. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी बारा वर्षं हे काम करते आहे.

माझी अडचण मात्र वेगळी होती. खोकला आला की माझे कपडे ओले व्हायचे. शिंक आली, खोका उचलला, शिफ्टच्या बसमधून घाईने उतरावं लागलं, तरी तेच. मुलीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात चिमटे लावून तिला ओढून काढलं होतं, तेव्हापासून हे थोडं थोडं होतं. चाळिशीनंतर वाढलं. आणि बोईसरला खोकल्याची काय कमी. थंडीत सकाळी सरावलीतल्या आमच्या चाळीचं दार उघडलं की घसा चुरचुरायला लागतो. अख्खी चाळ खोकते. इतर बायका खोकून मोकळ्या होत आणि मी पाय आवळून भिंतीला टेकून उभी राहायची. आधी जुन्या साडीच्या घड्या वापरल्या, मग पॅड. बसमध्ये मी शेवटच्या सीटवर खिडकीशी बसायची, म्हणजे वास आलाच तर बाहेर जाईल.

लाइनवर माझ्या डाव्या हाताला वाणगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून येणारी बाई असायची. भातलावणीला ती सुट्टी घ्यायची आणि उरलेलं वर्ष कारखान्यात उभी राहायची. तिने कधी काही विचारलं नाही, पण तिला कळलं होतं. खोके आले की ती मला मागे सारायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा बंद करता करता म्हणाली, ‘‘तू उचलू नको. मी हाय ना. आमच्या सासूलापन होता ह्या. मरेपर्यंत कोनाला बोलली नाय.’’

त्याच आठवड्यात मी पालघरला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी आधी व्यायाम शिकवले, साखर आटोक्यात आणायला लावली. सहा महिन्यांनी एक छोटं ऑपरेशन झालं. लघवीच्या मार्गाखाली प्लास्टिकच्या जाळीची बारीक पट्टी झोळीसारखी बसवली. वर्षभर मी कोरडी राहिले. त्या वर्षात मी पुढच्या सीटवर बसले, शेजारच्या लग्नाला गेले, चिंचणीच्या समुद्रावर चपला हातात घेऊन धावले. मग दुखायला लागलं, लाल जायला लागलं. तपासल्यावर कळलं की पट्टीची कड आतल्या कातडीतून बाहेर आली आहे. यात कुणाची चूक नव्हती. काही बायकांत असं होतं, माझी कातडी पातळ झाली होती, त्यात साखर. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ती पट्टी काढली आणि माझं गळणं परत आलं, पहिल्याहून जास्त.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं. ‘‘आता प्लास्टिक नको. शरीरातलीच पट्टी लावू. स्नायूंवर एक चिवट पांढरं आवरण असतं, त्याची पट्टी. बहुतेक बायकांना आम्ही पोटाची काढतो, पण तुमचं बेंबीचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, तिथे आधीच जाळी आहे. मांडीची काढता येईल. पण तुमची साखर, दिवसभराचं उभं राहणं, हे बघता मला तुमच्या मांडीवर दुसरी जखम नकोय.’’

‘‘मग कुठली?’’ मी विचारलं.

‘‘टिश्यू बँकेतून मागवू. दात्याची. मेल्यानंतर लोक डोळे देतात ना, तसं हेही देतात. ते तपासतात, जंतू मारतात, सुकवून पाकिटात ठेवतात. स्वतःच्या पट्टीपेक्षा ही थोडी लवकर सैल पडू शकते. काहींची टिकते, काहींची नाही. हे मी आधीच सांगते.’’

‘‘कुणाची असते ती?’’

‘‘ते आम्हालासुद्धा सांगत नाहीत. कुणाच्या तरी घरच्यांनी हो म्हटलं, एवढंच.’’

त्या पुढे बरंच बोलल्या. भूल कशी देणार, नळी किती दिवस राहणार. मी मान हलवत होते, पण त्या वाक्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. बाहेर बाकावर माझ्या सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमच्या खानापूर तालुक्यात सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी विचारलं, ‘‘काय म्हनली ग?’’ मी म्हटलं, ‘‘परत ऑपरेशन.’’ तेवढंच सांगितलं. परतीच्या गाडीत त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या आणि मी पार बोईसर येईपर्यंत त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे बघत राहिले.

आता मला माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं.

ते एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. आम्ही सांगलीकडून बोईसरला आलो तेव्हा मुलगी दीड वर्षांची होती. सासरे गेल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आल्या. दोन खोल्यांत आम्ही चौघं. मुलगी आत्यांच्या कुशीत झोपायची, त्यांच्या हातचाच घास खायची. एका वर्षी कंपनीत आरोग्य शिबिर झालं, तेव्हा नवऱ्याने नेत्रदानाचा फॉर्म भरला. त्याचं कार्ड मिळालं ते त्यांनी मुलीला दाखवलं. ती ते कार्ड शाळेत घेऊन गेली, वर्गात सगळ्यांना दाखवून आली.

ती चौदा वर्षांची असताना एका दुपारी कामावर त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि ते खाली पडले. मेंदूत रक्तस्राव. बोईसरहून अँब्युलन्सने त्यांना मुंबईला नेलं. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. मुलगी चाळीतल्या शेजारणीकडे होती. तिथे मी आणि आत्या, दोघीच होतो.

त्यानंतर हॉस्पिटलातली एक बाई आमच्याजवळ आली. आम्ही जमिनीवर बसलो होतो, तर तीही खाली बसली. कंपनीतल्या कुणीतरी तिला फॉर्मचं सांगितलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘त्यांनी डोळ्यांचा फॉर्म भरला होता असं कळलं. तुमची तयारी असेल तर डोळे, त्वचा, आणि हाडांबरोबरचं टिश्यूही घेता येतं. शरीर नीट शिवून परत देतात. तुम्ही नाही म्हणालात तरी काही हरकत नाही.’’

आत्यांनी पदराने तोंड पुसलं आणि तिला विचारलं, ‘‘कुनाच्या उपेगी पडंल का त्ये?’’

‘‘हो आजी.’’

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. पोटचा मुलगा त्यांचा होता, पण त्यांनी उत्तर माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, ‘‘नाही. हात लावू नका त्यांना.’’

बाई उठून गेली. मला ते अख्खे हवे होते. अख्खे घेऊन मी काय करणार होते, तर जाळणारच होते. दुसऱ्या दिवशी तेच केलं.

तेरावा झाल्यावर मुलीने मला गाठलं. मी मोरीत भांडी घासत होते. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘‘आई, बाबांचे डोळे दिले ना?’’

मी मान वर केली नाही. म्हटलं, ‘‘आजी नको म्हणाल्या.’’

किती सहज आलं ते तोंडातून. त्यासाठी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मनात म्हटलं, पोर आत्ता दुःखात आहे, पुढे कधीतरी खरं सांगू. तिने आजीला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्या रात्रीपासून तिने आपलं अंथरूण माझ्या बाजूला हलवलं. आजीकडून डोक्याला तेल लावून घ्यायचं सोडलं. आजीने ताट वाढलं तर म्हणायची, ‘‘मी घेते माझं.’’ आत्या मला म्हणायच्या, ‘‘पोरगी मोठी झाली. बाप गेल्यापासनं गप झाली.’’ मी हो म्हणायची. बारावी झाली, शिकायला पुण्याला गेली, तिथल्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. घरी फोन करायची तो मला. आत्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि फोन ठेवला की विचारायच्या, ‘‘बरी हाय न्हवं?’’

ऑपरेशनच्या वेळी मुलगी रजा काढून आली. संमतीच्या कागदावर माझ्या सहीखाली नातेवाईक म्हणून सही तिनेच केली. कागद नीट वाचून म्हणाली, ‘‘दात्याचं आहे. म्हणजे कुणीतरी दिलं, आई.’’ आत्या खोलीतच होत्या. मुलगी त्यांच्याकडे न बघता एवढंच बोलली आणि पेन परत दिलं. मला वाटलं, आत्ता सांगावं. नर्स ढकलगाडी घेऊन आली आणि ते राहिलं. खरं तर राहू दिलं मीच.

भूल कमरेतून दिली होती, त्यामुळे मी जागी होते. छातीशी हिरवा पडदा लावला होता. पलीकडे कुणीतरी पाकीट फाडल्याचा आवाज आला. मग एका नर्सने मोठ्याने नंबर वाचला आणि शेवटची वापरायची तारीख वाचली. दुसरीने तोच नंबर आणि तीच तारीख कागदावरून परत वाचली. आम्ही लाइनवर नवी बॅच सुरू करायच्या आधी अगदी असंच करतो, एकीने वाचायचं, दुसरीने ताडून बघायचं. इतकी वर्षं मी गोळ्यांच्या पाकिटांवरचे नंबर वाचत होते, पण त्या नंबरामागे माणूस असतो असं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘सलाइनमध्ये भिजू दे. कडक आहे अजून.’’

ते भिजेपर्यंत सगळे थांबले. कुणीतरी पंधरवड्याच्या ड्यूटीबद्दल बोलत होतं. मी छताकडे बघत होते आणि माझ्या पायांपाशी, एका वाटीत, कुणीतरी हळूहळू नरम होत होतं.

घरी आल्यावर माझं सगळं आत्यांनी केलं. त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या होत्या. नळी असेपर्यंत पिशवी रिकामी करणं, उठवणं, बसवणं, जिना धरून उतरवणं. दोन दिवस राहून मुलगी पुण्याला परतली होती. नळी निघाली, लघवी नीट व्हायला लागली, खोकल्यावर मी हाताने चाचपून बघायची तर कोरडं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला एकटं असं वाटेचना. आंघोळीला बसले की वाटायचं, दुसरं कुणीतरी बसलं आहे आणि तोंड फिरवून आहे. बाजारात एखादी बाई कपाळावर काही नसलेली दिसली की मी तिच्याकडे बघत राहायची. हिने दिलं असेल का? हिला कुणी असं शेजारी बसून विचारलं असेल का, आणि हिने माझ्यासारखं तोडून न टाकता हो म्हटलं असेल का? वर्तमानपत्रात हायवेवरच्या अपघाताची बातमी आली की मी तारीख बघायची. उगाचच. पाकीट कुठल्या शहरातून आलं तेही मला माहीत नव्हतं.

तीन महिने झाल्यावरची गोष्ट. डहाणू-तलासरीकडे अधूनमधून जमीन हलते, आमच्यापर्यंतही कधीकधी जाणवतं. त्या दुपारी मी आणि आत्या तांदूळ निवडत होतो. मांडणीवरची भांडी खणखणली, भिंतीवरची तसबीर हलली. चाळीत एकच गलका झाला. मी आत्यांना दंडाला धरलं आणि दोघी जवळजवळ धावतच जिना उतरून रस्त्यावर आलो. सगळे बाहेर जमले होते, कुणी हिंदीत फोनवर गावी कळवत होतं. मी धापा टाकत होते, खोकत होते. आणि मला कळलं की मी कोरडी आहे. इतकी धावले, आत्यांचं वजन ओढलं, तरी एक थेंब नाही. ज्याला मी ओळखत नव्हते त्याने मला आतून घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिथेच फुटपाथवर बसले आणि रडायला लागले. बायकांना वाटलं, भूकंपाला घाबरले.

पितृपंधरवडा आला. नवऱ्याच्या तिथीला आत्या दरवर्षी स्वतः स्वयंपाक करतात. त्या दिवशी त्यांनी केळीची दोन पानं वाढली. एकावर आमच्या घरातलं नेहमीचं, खीर, वडे, भोपळ्याची भाजी. दुसऱ्यावरही तेच.

‘‘दोन कशाला, आत्या?’’

‘‘त्ये दुसरं तुज्यातल्याचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाई का बाप्या ग त्यो?’’

‘‘माहीत नाही. सांगत नाहीत.’’

त्यांनी थोडा विचार केला. मग त्या पानावर एका कडेला विडा ठेवला आणि दुसऱ्या कडेला हळदी-कुंकवाची पुडी ठेवली. ‘‘आता कुनीबी असू दे.’’

दोन्ही पानं आम्ही मागच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. खाली आल्यावर पायरीवर बसत त्या म्हणाल्या, ‘‘मोठ्या मनाची मानसं. आपल्याला बी इचारलं हुतं की तवा. तू न्हाई म्हनलीस, मी बी गप बसले.’’

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. पत्र्यावर ऊन आहे म्हणावं, तसं त्या बोलल्या. त्या क्षणी मला कळलं की हे मला आता गिळून ठेवता येणार नाही. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले होते. म्हटलं, ‘‘आत्या, मी पोरीला सांगितलं होतं की तुम्ही नको म्हणालात.’’

‘‘काय नको म्हनले?’’

‘‘डोळे द्यायला. त्यांचे. तिने विचारलं तेव्हा मी तुमचं नाव घेतलं.’’

आधी त्यांना नीट उलगडलं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘म्हनून ती माज्या हातचं खात न्हवती?’’

मी मान हलवली.

‘‘मी म्हनायची, माजा हात वास मारतो का काय. म्हातारीचा हात. मी साबन लावून लावून धुवायची ग.’’

मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले. त्यांनी पाय मागे घेतला. उठून, भिंतीला धरत, आत गेल्या. पुढचे तीन दिवस आम्ही दोघी त्या दोन खोल्यांत राहिलो आणि त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. ‘‘मला धाकट्याकडं जायचंय. गाडीत बसवून दे.’’

मी दिराला फोन केला. तो येऊन त्यांना घेऊन गेला. स्टेशनवर त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी घरी आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोल्यांत एकटी झाले. मेलेला नवरा, तो अनोळखी दाता, आणि त्यांच्यात मी. दिवसाउजेडीसुद्धा मला स्वयंपाकघरात पाठ करून उभं राहवत नव्हतं.

दोन दिवसांनी मी मुलीला फोन लावला. तिला जेवणाची सुट्टी असते ती वेळ बघून. सगळं सांगितलं, काही सजवलं नाही.

तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘आजीला माहीत होतं? तू मला काय सांगितलंस ते?’’

‘‘नाही. आठवड्यापूर्वी सांगितलं.’’

‘‘म्हणजे इतकी वर्षं तिला कळतसुद्धा नव्हतं मी का अशी वागते.’’

‘‘नाही.’’

तिने फोन ठेवला. त्यानंतर महिनाभर तिचा फोन आला नाही. मी केला तर उचलायची नाही. ‘कामात आहे’ एवढा मेसेज यायचा. मी कामावर जात होते, जेवत होते, व्यायाम करत होते. डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला गेले तर त्या खूश होत्या. ‘‘छान बसलीय पट्टी. काही त्रास?’’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘झोप लागत नाही.’’ त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग मी त्यांना विचारलं, ‘‘त्या घरच्या लोकांना पत्र लिहिता येतं का?’’

त्या म्हणाल्या, ‘‘नाव-पत्ता न घालता लिहा. मी बँकेकडे पाठवून बघते. पोचेलच असं सांगता येत नाही. पोचलं तरी उत्तर येईल असं नाही.’’

दिवाळीच्या आधी दिराचा फोन आला. म्हणाला, ‘‘वहिनी, पुतणी आलीय इकडे. तुम्हाला माहीत असेलच.’’ मला माहीत नव्हतं. ती पुण्याहून एसटीने थेट गावी गेली होती. दीर म्हणाला, ती आली तेव्हा आत्या अंगणात शेंगा फोडत होत्या. ती जाऊन त्यांच्या समोर मातीतच बसली. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी आत्यांनी तिच्या केसांना तेल लावलं. एवढं सांगून दीर म्हणाला, ‘‘काय झालंय का तिकडे?’’ मी म्हटलं, ‘‘झालं होतं.’’

पाडव्यानंतर दोघी एकत्र सरावलीला आल्या. मी दार उघडलं. आत्या माझ्या बाजूने आत गेल्या आणि चुलीपाशी, म्हणजे आमच्या गॅसच्या ओट्यापाशी, नेहमीच्या जागी पिशवी ठेवली. मुलीने मला वाकून नमस्कार केला, पण मिठी मारली नाही. ती दोन दिवस राहिली. आजीजवळ झोपली, आजीने वाढलेलं जेवली. माझ्याशी कामापुरतं बोलली. मला ते पाहायला मिळालं हेच पुष्कळ होतं, आणि तरी ते पाहताना मला आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या झोपल्यावर तिने विचारलं, ‘‘का नाही म्हणालीस तेव्हा?’’

‘‘मला ते अख्खे हवे होते.’’

‘‘मलाही हवेच होते बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यांनी लिहून दिलं होतं ना, आई. आणि नाही म्हणालीस ते मी समजू शकते. माझ्याशी खोटं का?’’

मला एवढंच सांगता आलं की माझ्यापाशी तीच एक उरली होती, आणि तिने माझ्याकडे तसं बघितलेलं मला सोसलं नसतं. ती म्हणाली, ‘‘मग आजीकडे मी तसं बघितलेलं सोसलं तुला.’’

मग मी तिला माझं पत्र दाखवलं. वहीतली सहा पानं झाली होती. त्यात मी सगळं लिहिलं होतं, नवऱ्याचं, हॉस्पिटलातल्या बाईचं, माझ्या नाही म्हणण्याचं, आत्यांचं. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचताना तिचा चेहरा दोनदा बदलला. मग म्हणाली, ‘‘हे त्यांना कशाला, आई? त्यांच्या घरातलं माणूस गेलंय. त्यांनी तुझं ओझं कशाला वाहायचं? त्यांना फक्त सांग, तू चालतेस, कामाला जातेस.’’

ती पेन घेऊन माझ्याशेजारी बसली. तिने लिहिलं, मी सांगत गेले. तुमच्या माणसाची एक लहानशी पट्टी माझ्या अंगात आहे. लघवीचा त्रास होता, तो थांबला. मी बायकांच्या गर्दीत बसू शकते. तुम्ही हो म्हणालात म्हणून. आमच्या घरात पितृपक्षात तुमच्या माणसाचं पान वाढलं. शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर ती अडली. तेवढ्यात आत्या जाग्या झाल्या, त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे. दुसऱ्या धर्माची असली तरी पानाला कोन न्हाई म्हनतंय?’’ वाक्य राहिलं. ऑपरेशननंतर मिळालेल्या कागदावर जो नंबर चिकटवला होता तो मुलीने पत्राच्या कोपऱ्यात लिहिला, म्हणजे बँकेला घर सापडावं.

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही हेही कळलं नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. सुरुवातीला दर तपासणीला मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघायची, त्या ‘नाही’ अशी मान हलवायच्या. आता विचारत नाही. ते घर मात्र मला सुटत नाही. कधी ते मला वसईकडचं दिसतं, कधी नाशिकचं, त्याला कधी ओटा असतो, कधी लिफ्ट. दारात चपलांचा ढीग पडला आहे आणि आत कुणीतरी कागदावर सही करतं आहे. सही करणाऱ्याचा चेहरा मला कधीच दिसत नाही.

या पावसाळ्यापासून जोरात खोकला आला की थोडं ओलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी किंचित सैल पडत असेल, किंवा वय. लगेच काही करायची गरज नाही, व्यायाम चालू ठेवा, पुढे बघू. घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. त्या पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या आहेत, पहिल्यासारखं नाही, पण बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग आता त्ये तितंच ऱ्हातंय का निगून जातंय?’’

मी म्हटलं, ‘‘डॉक्टर म्हणतात, हळूहळू आपल्याच अंगात मिसळून जातं. वेगळं काढता येत नाही.’’

त्या हातातली मेथी निवडत राहिल्या.

दर रविवारी अकराच्या सुमारास मुलीचा फोन येतो. आधी ती आजीला द्यायला सांगते. मी फोन आत्यांच्या कानाला लावते, त्यांना तो नीट धरता येत नाही. मग मी उठून पाणी भरायला जाते. नळ मोठा सोडत नाही, म्हणजे त्या काय बोलतात ते थोडं ऐकू येतं.